बिनरहदारीचे सात मार्ग

आमचे शिरस्तेदार होता होईतो रस्त्यावरून जात नसत. ठाण्याला तेव्हा रस्ते नव्हते असं नाही. तळ्याकाठून कचेरीकडे जाणारा चांगला खडीचा रस्ता होता आणि शिरस्तेदारांचं घर त्याच रस्त्यावर होतं. तरी ते परसातल्या विहिरीला वळसा घालून, शेजाऱ्याच्या केळीतून, देवळाच्या मागच्या अंगाने कचेरीत येत. दोनशे पावलांच्या वाटेला ते अकराशे पावलं चालत. मी मोजली आहेत, कारण त्यांचं दप्तर घेऊन मागे मीच असे.

"रहदारी चार प्रकारची," ते सांगत. "चार पायांची, दोन पायांची, चाकांची आणि ओळखीची. पहिल्या तिन्हींतून माणूस जिवंत सुटतो."

चौथीबद्दलचं त्यांचं मत अनुभवाचं होतं. शिरस्तेदार म्हणजे कचेरीतला पहिला देशी माणूस, साहेबाच्या खालचा आणि बाकी सगळ्यांच्या वरचा. साहेबाला भेटता येत नाही म्हणून लोक यांना भेटत, आणि कचेरीत भेटता येत नाही म्हणून रस्त्यात भेटत. दहा पावलांत तीन सलाम, दोन अर्ज आणि एक "तेवढं माझ्या मेव्हण्याचं प्रकरण बघा" असा हिशेब असे. सलामांचा त्यांना कंटाळा होता असं ते म्हणत. मला ते पुरतं पटलं नव्हतं. एखादा ओळखीचा माणूस सलाम न करता गेला, तर त्याचं नाव ते मला दोनदा विचारत.

मी त्यांच्या हाताखाली नकलनवीस होतो. अक्षर बरं होतं, डोकं बेताचं होतं आणि रविवार मोकळा होता. या तीन गुणांमुळे मी त्यांच्या आयुष्यातल्या एकमेव ग्रंथाचा लेखक झालो. रचयिता ते, लेखक मी.

गेल्या शतकाची ती शेवटची वर्षं. साऱ्या ठाण्यात तेव्हा पायगाड्या दोनच होत्या, एक साहेबाची आणि दुसरी यांची. सायकल हा शब्द कचेरीत सगळ्यांना येत होता, पण घराघरांत तिला पायगाडीच म्हणत. शिरस्तेदारांनी ती मुंबईहून मागवली तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. उन्हाळ्याच्या सुटीत कचेरीच्या आवारात ते चालवायला शिकले. दोन्ही बाजूंना दोन पट्टेवाले धावत. त्यांचे पितळी बिल्ले चकाकत असत, मधे पगडी, अल्पाकाचा कोट आणि घट्ट मिटलेले डोळे. लांबून पाहणाराला वाटावं, कुठल्या तरी संस्थानिकाला अटक करून नेत आहेत.

पगडीचा प्रश्न त्यांनी स्वतः सोडवला. उपरण्याने ती हनुवटीखाली बांधली. धोतराला घोट्यापाशी फायलींची लाल फीत गुंडाळली. आपल्या गाडीला सरकारी फीत लागते याची टोचणी लागली, तेव्हा बाजारातून स्वतःच्या खर्चाने तसलीच लाल फीत आणवली आणि मगच त्यांना झोप लागली. माणूस असा होता.

पायगाडी आली, तशी त्यांना नवीच दृष्टी आली. ठाण्याच्या भोवती खाडी आहे, खाडीच्या कडेने मिठागरं आणि खारजमिनी आहेत, आणि समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून त्या सगळ्यांना मातीचे बांध आहेत. जमीन अशी सपाट की ताटात पाणी ओतावं. चढ नाही, उतार नाही, बैलगाडी नाही, टांगा नाही. बांधावरून जायचं तर एका वेळी एकच माणूस जाणार. शिरस्तेदारांनी पहिल्यांदा तो देखावा पाहिला आणि म्हणाले, "देवाने हे माझ्यासाठी केलं आणि मला पन्नास वर्षं कळवलं नाही."

मग ग्रंथ सुरू झाला. नाव, 'बिनरहदारीचे मार्ग'. कोणाही सभ्य गृहस्थाला ठाणे ते कल्याण या टापूत कोणाच्याही दृष्टीस न पडता पायगाडीवरून हिंडता यावं, हा उद्देश. मार्ग एकंदर सात. प्रत्येकाचं वर्णन त्यांनी मला खरेदीखताच्या भाषेत सांगितलं: "मार्ग क्रमांक दोन. यासी चतुःसीमा, पूर्वेस खाजण, पश्चिमेस भातशेत, उत्तरेस कोळ्यांची वाळवणं, दक्षिणेस एक कुत्रं, निरुपद्रवी." कुत्रं मरेल तेव्हा सीमेचं काय, असं मी विचारलं. त्यांनी विचार करून शब्द वाढवला: "हल्ली".

प्रत्येक मार्गाखाली तीन रकाने होते. निकाल, कारण आणि शेरा. शेऱ्यात नेहमी "निरंक" असे. काही सांगण्यासारखं नाही, हे सांगण्यासाठी सरकारने काढलेला हा शब्द त्यांना फार प्रिय होता.

निकाल कशावरून लावायचा, त्याची कसोटी होती पायगाडीची घंटा. ज्या मार्गावर घंटा वाजवावी लागली, तो मार्ग बिनरहदारीचा नव्हे, सबब बाद. आणि चुकून हात लागून घंटा वाजू नये म्हणून ती त्यांनी रुमालात गुंडाळून, लाल फितीने बांधून, वर लाख ओतून शिक्का मारून ठेवली होती. शिक्का त्यांच्या अंगठीचा, कचेरीचा नव्हे. घंटा वाजवायची तर आधी शिक्का फोडावा लागे, म्हणजे बेसावधपणे वाजवली असं म्हणायला जागा नाही. आपण स्वतः स्वतःवर खटला चालवायचा आणि मुद्देमाल मोहोरबंद ठेवायचा, ही शिस्त मी नंतर कुठे पाहिली नाही.

त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. त्या एकदा मला चहा देताना म्हणाल्या, "घरात मी एकटी. पोरंबाळं नाहीत. तरी यांना घरी यायचा मार्ग रहदारीचा वाटतो." आतल्या खोलीतून आवाज आला, "ओळखीची रहदारी!" काकू म्हणाल्या, "ऐकू बरं येतं."

तर मार्ग सात होते. पण ग्रंथ लिहून होईपर्यंत ते सात राहिले नाहीत.

मार्ग क्रमांक एक एका म्हशीने घालवला. ती बांधाच्या मधोमध बसली होती. यांनी पाऊण तास वाट पाहिली, मग शिक्का फोडला, घंटा वाजवली. म्हैस हलली नाही, मार्ग मात्र बाद झाला.

क्रमांक दोन जास्त चटका लावून गेला. खाडीकाठच्या एका ख्रिस्ती वस्तीच्या मागून तो जात होता. इतर दिवशी तिथे चिटपाखरू नसे, पण शिरस्तेदारांना सुटी रविवारी आणि त्या मंडळींची प्रार्थनाही रविवारी. देवळातून सुटलेला सगळा गाव, लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या पुढे घालून, बांधावरून समोर आला. शिरस्तेदारांनी घंटा वाजवली. आता त्या लोकांत अशी रीत आहे की पाद्री आजाऱ्याकडे प्रसाद घेऊन निघाला की त्याच्यापुढे घंटा वाजते, आणि वाटेतल्या प्रत्येकाने गुडघे टेकायचे. घंटा ऐकताच पुढच्या म्हाताऱ्यांनी इकडेतिकडे न पाहता गुडघे टेकले. त्यांना पाहून मागच्यांनी टेकले. शिरस्तेदार पगडी बांधलेल्या अवस्थेत, पन्नास-साठ गुडघे टेकलेल्या माणसांच्या कडेने, एक पाय बांधावर आणि एक पाय चिखलात टाकत गाडी ढकलत निघून गेले.

"सलाम चुकवायला मी इथवर गेलो होतो हो," ते मला म्हणाले. आवाज दुःखी होता. पण त्या दिवशी काकूंच्या देखत त्यांनी ती हकीकत तीनदा सांगितली, आणि तिसऱ्यांदा माणसं शंभर झाली होती.

कल्याणच्या अलीकडच्या नदीकाठच्या मार्गावर एक अर्जदार बाभळीआड दबा धरून बसला होता. वाट अडवली म्हणून यांनी घंटा वाजवली. कचेरीत साहेब घंटा वाजवतो ती माणूस आत बोलावण्यासाठी, हे अर्जदाराला चांगलं ठाऊक होतं. तो "जी हुजूर" म्हणत अर्ज घेऊन पुढे आला. अर्ज घेतला, मार्ग गेला.

दर वेळी मला ग्रंथाची नवी प्रत करावी लागे. मी आयुष्यात पुष्कळ ग्रंथ पाहिले, पण लिहिता लिहिता बारीक होत गेलेला हा एकच. दीड वर्षात सहा मार्ग बाद झाले आणि उरला क्रमांक सात: कळव्याच्या तरीपासून, म्हणजे होडी लागते तिथून, बाहेरच्या बांधाने दिवा गावाकडे, तिथून डोंबिवली गावच्या शेतांच्या कडेने कल्याणच्या बंदरापर्यंत. हा मार्ग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आठ महिने दर रविवारी ते त्यावरून जात होते आणि घंटेवरची लाख शाबूत होती.

माणसं तिथेही होती, पण ती बांधाच्या खाली, आपापल्या मिठागरात मान खाली घालून काम करणारी आगरी मंडळी. बांधावर भेटायची ती एकटी हिराई. ही साठीची बाई त्या खारीची उघाडी सांभाळायची. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. मिठागरात खाडीचं पाणी हवं तेवढं घ्यायचं आणि नको तेव्हा रोखायचं, हे काम त्या दारावर बसून ती चाळीस वर्षं करत होती. पायगाडी येताना दिसली की ती उतारावर सरकून बसे. घंटेची गरज पडत नसे. ती पगडीला पाहून "रावसायब" म्हणे. शिरस्तेदार दर वेळी थांबून दुरुस्ती करत, "अजून मिळालेलं नाही."

"मिलंल, मिलंल," ती म्हणे. जणू किताब तिच्याच उघाडीतून यायचा होता.

किताबाचं मात्र खरोखरच चाललं होतं. आमच्या साहेबाच्या कानावर हा ग्रंथ गेला होता. साहेब स्वतः पायगाडीचा शौकीन, त्याने कळवलं की मुंबईचा एक मित्र घेऊन मी हा मार्ग बघायला येतो. वाट खरोखरच म्हणता तशी असली, तर ग्रंथ सरकारी छापखान्यात छापून देतो आणि रावसाहेब किताबासाठी तुमचं नाव वर पाठवतो. दिवस त्याने ठरवला: शनिवार, वेळ दुपारी बारा, ठिकाण उघाडी.

काकूंनी पंचांग काढलं. "शनिवारी अमावास्या आहे. अमावास्येला कुठे निघता?"

"साहेबाच्या कॅलेंडरात अमावास्या नसते," शिरस्तेदार म्हणाले.

आता हे म्हणणारा माणूस अडाणी असता तर गोष्ट वेगळी. तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ निघते, हे खाडीकाठी सगळ्यांना पाठ असतं आणि यांना तर सगळ्यांत जास्त पाठ होतं. अमावास्या म्हणजे पंधरा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. ते पाणी मुंबईहून आमच्या खाडीपर्यंत चढायला आणखी तास-पाऊण तास. म्हणजे फाल्गुनातल्या अमावास्येला, वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एकाला, ऐन बारा वाजता बांधावर समारंभ. त्या खारीत कोणी त्या वेळी बांधावर वाळवणसुद्धा घातलं नसतं. शिरस्तेदारांनी हा हिशेब मला स्वतः करून दाखवला आणि म्हणाले, "बांध उंच आहे."

बांध उंच होता. पण त्यांनी तो समारंभासाठी तयार केला होता.

साहेबाची गाडी खडबडू नये म्हणून त्यांनी दोन मजूर लावून उघाडीपासून शंभर पावलं बांधाच्या माथ्यावरचं खारं गवत खरवडून काढलं. माथा असा गुळगुळीत केला, जसा मुंजीतला बटू. मी तेव्हा तिथे होतो. हिराई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रावसायब, या गवतानी तुमचा कं खाल्लाय?"

"साहेब येणार आहेत, हिराई. वाट साफ हवी."

"बांधाचे डोईवरचा गवत म्हंजे त्याची पगडी. तुमची पगडी मी काढली तं चालंल?"

शिरस्तेदारांचा हात नकळत उपरण्याच्या गाठीकडे गेला. ती पुढे म्हणाली, "आनी रोज एकाच रेघेनं जाताव. बगा, चाकानी कशी नाली पारलेय. जरा इकरं-तिकरं चालवा ना! गाडीला कं सोवला हाय?"

ही रेघ शिरस्तेदारांचा अभिमान होता. आठ महिन्यांत केसाइतकी हलली नाही, असं ते मला दाखवत. बांधाच्या मधोमध चार बोटं खोल, सरळ, ओळंब्यात आखल्यासारखी. तिला कोणी नाली म्हणावं याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी हिराईला वहिवाटीचा कायदा समजावून सांगितला. तिने तो पुरता ऐकून घेतला आणि म्हणाली, "पानी ऐकंल कं तुमचा कायदा?"

शनिवार उजाडला. मी नारळ, झेंडूचा हार आणि लाल कापडात बांधलेली ग्रंथाची शेवटची, म्हणजे सर्वांत बारीक प्रत घेऊन सकाळीच तरीने पलीकडे गेलो. शिरस्तेदार गाडीवरून आले. घंटेवर ताजी लाख होती. एकच मार्ग उरलेल्या ग्रंथाला 'बिनरहदारीचे मार्ग' म्हणायचं की 'बिनरहदारीचा मार्ग' असा त्यांना प्रश्न पडला होता. बांधाच्या आत मिठागरं उन्हात पांढरी पडू लागली होती. हंगामाचं पहिलं मीठ, नुकताच दाणा धरलेलं. दहा-बारा घरांचा वर्षाचा आधार त्या वाफ्यांत होता. लोक पलीकडच्या टोकाला, पाऊण मैलावर, मीठ ओढत होते. बांधावर आम्ही तिघं. हिराई उघाडीवर बसून खाडीकडे पाहत होती, आम्ही कळव्याकडे.

साडेअकराला वारा सुटला. पाणी बांधाच्या कडेला आलं होतं आणि लाटेची एखादी जीभ माथ्यावर येऊन परत जात होती. मग एक जीभ परत गेली नाही. ती रेघेत शिरली. ते पाणी मी डोळ्यांनी पाहिलं. शिरस्तेदारांच्या त्या सरळ, न हललेल्या रेघेतून ते शिस्तीत, एकेरी चालत गेलं, जिथे माथा जरा खोलगट होता तिथे थांबलं आणि आतल्या बाजूला उतरलं. गवत असतं तर तिथेच मुरलं असतं. गवत नव्हतं. माती विरघळली, आणि बघता बघता वीतभर रुंदीची घळ पडली.

"खांड!" हिराई ओरडली. बांध फुटला की खाडीकाठी हाच एक शब्द ओरडतात, आणि तो ऐकला की हातातलं टाकून माणसाने मातीची पाटी घेऊन धावायचं, ही त्या खारीची जुनी रीत. पण वारा उलटा होता. शब्द खाडीवर उडून गेला. पाऊण मैलावरची एकही मान वर झाली नाही.

घळ हातभर झाली. हिराईने माझ्याकडे पाहिलं. "ए कारकून! बस तिथं!"

"कुठे?"

"खांडीत! पाठ लाव!"

मी बसलो. सरकारी नोकरीत पंचवीस वर्षं काढली, पण जागेला इतका नेमका बसलेला मी दुसऱ्यांदा कधी नव्हतो. पाठीवर खाडीचं पाणी आदळत होतं, गळ्यात साहेबाचा हार होता, कारण तो ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि दोन्ही हातांनी ग्रंथ डोक्यावर धरला होता. हिराई माझ्या दोन्ही बाजूंना चिखल थापत होती आणि मधून मधून मलाही थापत होती.

शिरस्तेदार ओरडून पाहत होते. त्यांचा आवाज कचेरीतला, समोरच्या साक्षीदारालाही पुढे वाकावं लागे असा. गाडीवर बसून गेलं तर पाच मिनिटांचं काम. पण लोक बांधाखाली, मान खाली, पाठमोरे. शंभर वाफ्यांत विखुरलेल्या माणसांना एकेकाला गाठून सांगायचं म्हटलं, तर इकडे मीठ उरलं नसतं.

त्यांची नजर घंटेवर गेली. मग कळव्याच्या दिशेला गेली. तिथे, बांधाच्या अगदी टोकाला, दोन पांढऱ्या टोप्या दिसायला लागल्या होत्या.

मी खालून म्हणालो, "अहो, वाजवा ना! साहेब लांब आहेत. वारा तिकडे जात नाही. कोणाला कळणार आहे?"

"ग्रंथाला कळेल," ते म्हणाले.

ते दोन क्षण मी विसरलेलो नाही. सहा मार्ग गेले होते, हा सातवा. यावर पुस्तक होतं, पुस्तकावर किताब होता, आणि आठ महिने ज्या शब्दाची ते दुरुस्ती करत आले होते तो शब्द दोन टोप्यांच्या रूपाने जवळ येत होता. शिवाय ही खांड कोणी पाडली तेही त्यांना दिसत होतं. पाणी अजून त्यांच्याच रेघेतून येत होतं.

"रावसायब," हिराई चिखल थापता थापता म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, "माझे दोनी पोरांचा मीठ हाय तिथं."

शिरस्तेदारांनी दुरुस्ती केली नाही. खाली वाकून लाख दातांनी फोडली, फीत तोडली, रुमाल फेकला आणि गाडीवर टांग मारली. पट्टेवाल्यांशिवाय त्यांना मी इतक्या वेगाने जाताना कधी पाहिलं नव्हतं. बांधाच्या वाकणाशी पगडी गाठीसकट मागे लोंबायला लागली, आणि घंटा वाजत होती. थांबून थांबून नाही, एकसारखी. आठ महिने कोंडून ठेवलेली घंटा, ती काय थांबते! पहिली एक मान वर झाली, मग दहा, मग सगळीच. असला आवाज त्या खारीत कोणी ऐकलेला नव्हता. लोक आधी आवाज पाहायला धावले, मग हातवारे पाहून पाट्या घेऊन धावले. पुरुष, बाया, कोणी पेंढ्याचे भारे घेऊन, कोणी तिवराच्या फांद्या ओढत. सगळ्यांच्या पुढे वाट दाखवत शिरस्तेदार, अजून घंटा वाजवत, आता गरज नसतानाही.

खांड बुजली. आधी फांद्या, मग पेंढा, मग माती, मग नाचून नाचून दाबलेली माती. मला कोणी तरी उपटून बाजूला ठेवलं. दोन वाफ्यांचं मीठ गेलं, बाकीचं राहिलं. शिरस्तेदारांनी कोट काढून पाट्या वाहिल्या. पहिली पाटी त्यांनी डोक्यावर घेतली ती पगडीवरच.

साहेब आणि त्याचा मित्र पोचले तेव्हा साठ-सत्तर माणसं बांधावर चिखलात उभी होती. साहेबाला त्यांतून आपला शिरस्तेदार ओळखायला वेळ लागला. त्याने आधी मलाच विचारलं, कारण हार माझ्या गळ्यात होता.

"शिरस्तेदार," साहेब अखेर म्हणाला. त्याला मराठी बरं येत असे. "मार्ग कुठे आहे?"

"होता, हुजूर. बाद झाला."

"आणि ही माणसं कोण?"

शिरस्तेदारांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. "रहदारी, हुजूर."

साहेब वाईट माणूस नव्हता. तो हसला, म्हणाला, असा प्रसंग रोज येत नाही, घंटेचं काही मनावर घेऊ नका, आम्ही मार्ग पाहिला असं समजतो. मी चिखलातून डोळे वटारून शिरस्तेदारांना खुणावत होतो की हो म्हणा. ते म्हणाले, "नियम माझाच आहे, हुजूर. आणि बांध मीच बिघडवला." साहेबाने घड्याळ पाहिलं. मित्राला भूक लागली होती. दोघं आल्या वाटेने गेले. फुकट जाऊ नये म्हणून नारळ हिराईने उघाडीवर फोडला.

किताबांच्या पुढच्या यादीत रावसाहेब झाले ते दुसरेच एक गृहस्थ. त्यांनी गावात एक पाणपोई बांधली होती आणि तिच्यावर साहेबाचं नाव स्वतःच्या नावापेक्षा मोठं कोरलं होतं. त्यांच्या सत्काराच्या मानपत्राची प्रत मीच केली. शिरस्तेदारांनी ती तपासली आणि तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले.

शिरस्तेदार त्या बांधावर जायचे थांबले नाहीत. दर रविवारी जात, पण खरवडलेली शंभर पावलं आली की उतरून गाडी खांद्यावर घेत. गवत पुन्हा धरेपर्यंत चाक टेकायचं नाही, हा हुकूम हिराईचा होता. लोक वाफ्यांतून ओरडत, "कं हो, आज गाडी तुमचेवर बसलेय कं?" हिराईने त्यांना रावसायब म्हणायचं त्या दिवसापासून सोडलं. "भाऊ" म्हणायला लागली. त्याचीही ते दुरुस्ती करत नसत. घंटेला पुन्हा लाख लावली नाही. तिचा उपयोगही नव्हता, कारण पाऊण मैलाच्या त्या वाटेत आता दर दहा पावलांना कोणी तरी ओळखीचं निघे. कोणाची म्हातारी आजारी असे, कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाचं मेव्हण्याचं प्रकरण. पूर्वी तासाभरात दिवा गाठणारा माणूस दुपारपर्यंत उघाडीही ओलांडत नसे. काकू म्हणायच्या, "आता जेवणाची वेळ विचारूच नका."

ते वारल्यावर काकूंनी ग्रंथ मला दिला. लाल कापडावर त्या दिवसाच्या चिखलाचा डाग होता. मला वाटलं, माझंच अक्षर, त्यात नवीन काय असणार? पण शेवटचं पान माझ्या हातचं नव्हतं. घरी जाऊन, हातपाय धुऊन, त्या रात्री त्यांनी ते स्वतः लिहिलं असावं. चतुःसीमा जशाच्या तशा होत्या, खाली तीन रकाने.

मार्ग क्रमांक सात. निकाल: बाद. कारण: घंटा वाजवावी लागली.

शेऱ्याच्या रकान्यात "निरंक" लिहून ते खोडलं होतं. त्यापुढे दोन शब्द होते: लोक आले.